ज्याचे पैसे मोजतो, त्याचं माप एकच हवं

कुठल्याही साध्या गाडीच्या टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असं काहीसं लिहिलेलं असतं. त्यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूची उंची, त्या रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचा प्रकार. आणि शेवटचे १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. त्याच टायरमध्ये हवा भरताना आपण ‘बत्तीस टाक’ म्हणतो, ते बत्तीस पौंड दर चौरस इंचाला. गाडीची लांबी ३,९९५ मिलिमीटर, इंजिन ११९७ सीसी, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि ताकद एका माहितीपत्रकात पीएसमध्ये, तर दुसऱ्यात बीएचपीमध्ये. १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारलेल्या देशातली ही गाडी आहे.

मेट्रिक की इम्पीरियल हा वाद निघाला की दोन ठरलेल्या बाजू मांडल्या जातात. एक बाजू म्हणते, दहाच्या पटीत चालणारी पद्धत शास्त्रशुद्ध, जग तीच वापरतं, बाकी सगळं जुनाट. दुसरी म्हणते, फूट आणि इंच माणसाच्या शरीरातून आले, ते डोळ्यांसमोर उभे राहतात. पाच फूट सहा इंच म्हटल्यावर माणूस दिसतो, १६८ सेंटिमीटर म्हटल्यावर दिसत नाही. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, पण दोन्हींमध्ये पैसे देणारा माणूस नाही. माझ्या मते प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवा. ज्या वस्तूचे पैसे आपण मापागणिक देतो, किंवा ज्या मापावर कुणाचा जीव अवलंबून असतो, तिथे माप एकच असलं पाहिजे आणि ते जाहिरातीपासून करारापर्यंत बदलता कामा नये. बाकी ठिकाणी लोकांनी हवं ते म्हणावं.

म्हणून टायरच्या रिमचे इंच मला खुपत नाहीत. रिमचा दर कुणी इंचामागे देत नाही. ते एका घाटाचं नाव आहे आणि जगभरच्या कारखान्यांनी ते तसंच मान्य केलं आहे. मिशेलिन कंपनीने १९७५मध्ये टीआरएक्स नावाचे टायर आणले होते, त्यांचे रिम ३९० मिलिमीटर वगैरे मेट्रिक मापांचे होते. टायर चांगले होते, पण त्या रिमवर दुसरं काही बसत नव्हतं आणि ते टायर दुसऱ्या कशावर बसत नव्हते. ते मागे पडले आणि ज्यांच्या जुन्या गाड्यांना ते आहेत, त्यांना आजही टायर शोधत फिरावं लागतं. तापाचंही तसंच. बाहेरचं ऊन आपण चाळीस अंश सेल्सिअस म्हणतो आणि घरातला ताप एकशे दोन फॅरनहाइट. डॉक्टर, आई आणि थर्मामीटर तिघंही एकच भाषा बोलत असतील तर त्यात कुणाचं नुकसान नाही.

जमिनीकडे वळलं की मात्र चित्र बदलतं.

आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, शंभर चौरस मीटर. व्यवहारात मात्र सगळे गुंठा म्हणतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. चाळीस गुंठ्यांचा एकर. आर आणि गुंठा इतके जवळ आहेत की गावोगाव ते एकच समजले जातात: चाळीस आर म्हणजे एकर, हेक्टर म्हणजे अडीच एकर. प्रत्यक्षात हेक्टर २.४७१ एकरांचा. अडीच एकराचे १,०८,९०० चौरस फूट होतात आणि हेक्टरचे १,०७,६३९. फरक साधारण १,२६० चौरस फुटांचा, म्हणजे एका गुंठ्याहून जास्त. कोरडवाहू माळरानावर या फरकाकडे कुणी बघणार नाही. पण पुण्याच्या, नाशिकच्या किंवा संभाजीनगरच्या हद्दीला लागून असलेल्या जमिनीत एक गुंठा म्हणजे एका घराची जागा असते. विकणारा ‘अडीच एकर’ म्हणून दर ठरवतो, खरेदीखतात ‘एक हेक्टर’ येतं आणि घेणाऱ्याच्या हातून एक गुंठा निसटतो. यात कुणी खोटं बोललं असं सिद्ध करता येत नाही. दोन मापं एकत्र नांदली की नुकसान असं गुपचूप होतं, म्हणून मला ते जास्त धोक्याचं वाटतं.

फ्लॅटची गोष्ट याहून ठळक आहे. जाहिरातीत ६५० चौरस फूट, करारात ६०.३९ चौरस मीटर, मुद्रांक शुल्कासाठी बघायचा बाजारमूल्याचा तक्ता चौरस मीटरमध्ये, महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर चटई क्षेत्र (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) चौरस मीटरमध्ये. घेणाऱ्याच्या डोक्यात मात्र सगळी गणितं फुटांत, कारण दर त्याला फुटांत सांगितलेला असतो. २०१६च्या रेरा कायद्याने बिल्टअप, सुपर बिल्टअप या शब्दांचा धुरळा खाली बसवला, चटई क्षेत्र म्हणजे काय हे नेमकं सांगितलं, आणि त्याचा लाखो लोकांना फायदा झाला. ज्या गोष्टीचे पैसे द्यायचे तिची व्याख्या एक, एवढंच तर त्याने केलं. एकक एक करण्याचं काम मात्र अर्धंच राहिलं.

आणि यात केवळ बांधकाम व्यावसायिकांकडे बोट दाखवून चालणार नाही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ज्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, ती ४६.४५ चौरस मीटरपर्यंतची. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर २७.८८ चौरस मीटरचं. एवढे विचित्र आकडे कोणत्या नियोजनकाराने ठरवले असतील, असा प्रश्न पडतो. ते कुणीच ठरवलेले नाहीत. ते ५०० फूट आणि ३०० फूट आहेत, वरून मीटरचा अंगरखा चढवलेला. धोरण फुटांत ठरतं, राजकीय घोषणा फुटांत होते आणि कागदावर त्याचं रूपांतर होतं. सरकारच जर आतून फुटांत विचार करत असेल, तर सामान्य माणसाने मीटरमध्ये घर डोळ्यांसमोर आणावं अशी अपेक्षा कशी करायची?

वाळूचं उदाहरण तर सरकारच्या थेट अंगावर येणारं आहे. महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम ब्रासमध्ये विकतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. २००९चा वैध मापन कायदा सांगतो की देशात प्रमाणित एकक मेट्रिकच असेल, आणि त्याचं कलम ११ सांगतं की प्रमाणित एककांखेरीज दुसऱ्या कशात किंमत सांगता येणार नाही, दरपत्रक काढता येणार नाही, जाहिरात करता येणार नाही. हा कायदा १ एप्रिल २०११पासून लागू आहे. आणि २०२३मध्ये राज्य सरकारने वाळूचं नवं धोरण आणलं, तेव्हा दर जाहीर झाला तो ६०० रुपये ब्रास असा. गौण खनिजांचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) ब्रासवरच आकारलं जातं. ज्याने कायद्याची अंमलबजावणी करायची, तोच दुसऱ्या खात्यात कायद्याबाहेरचं माप वापरतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. ब्रासऐवजी घनमीटर म्हटल्याने वाळूतली फसवणूक थांबणार नाही. ओली वाळू फुगते. थोड्या ओलाव्याने बारीक वाळूचं आकारमान पाव ते एक तृतीयांशाने वाढू शकतं. ट्रकच्या हौद्याची लांबी-रुंदी फुटांत मोजा नाहीतर मीटरांत, त्यात पाणी आणि पोकळी विकत घेतली जाणारच. त्यावर उपाय वजनकाटा आणि वाळूतल्या ओलाव्याची वजावट, म्हणजे मापाचा प्रकारच बदलणं. पण त्यासाठी आधी ब्रासची सवय मोडावी लागेल, आणि ती मोडण्यात मधल्या कुणालाही रस नाही.

सोन्याच्या बाबतीत तर एकच शब्द दोन वजनांना वापरला जातो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजचा बाजार तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतो, पावतीवर ग्रॅमच लिहितो, आणि त्यामुळे दुकानात काही गडबड होत नाही. गडबड होते घरात, वाटणीच्या वेळी. आजीच्या काळच्या कागदावर ‘वीस तोळे’ लिहिलेले असतात, ते २३३ ग्रॅम असतात आणि आजच्या हिशेबाने घरातले लोक २०० ग्रॅम धरून चालतात. तेहतीस ग्रॅम सोनं कुठे गेलं यावरून भावाभावांत संशय उभा राहू शकतो, आणि ते कुठेच गेलेलं नसतं किंवा खरोखर गेलेलं असतं, दोन्ही शक्य. जुन्या कागदावर वजन ग्रॅममध्ये करून ठेवा, एवढं प्रत्येक घरातल्या थोरामोठ्यांना सांगावंसं वाटतं.

या सगळ्यावर ‘आपल्याकडे हे असंच चालायचं’ म्हणणारे भेटतात. त्यांना मी १९५६ ते १९६२ या सहा वर्षांकडे बघायला सांगेन. त्याआधी या देशात मापांचं काय होतं? मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. म्हणजे एकाच शब्दाने होणाऱ्या व्यवहारात तिपटीचा फरक. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. अशा देशाने १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आणली, नव्या पैशासकट. १ ऑक्टोबर १९५८पासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२मध्ये बाकी पद्धतींना व्यापारात बंदी झाली. मधल्या काळात मुंबई राज्याचं विभाजन झालं, महाराष्ट्र जन्माला आला, तरी हे काम थांबलं नाही. साक्षरता तुटपुंजी, खेडोपाडी वीज नाही, गणकयंत्र नाही. तरी भाजीवालीने पावशेर सोडून पाव किलो धरला आणि दूधवाल्याने लिटर धरला.

हे जमलं याचं कारण भारतीय माणूस विज्ञाननिष्ठ झाला हे नव्हे. कारण साधं आहे: तारीख ठरली होती, तिच्यानंतर जुनी वजनं दुकानात ठेवणं गुन्हा होता आणि निरीक्षक येऊन वजनांवर शिक्का मारत होता. दोन पद्धती शेजारी शेजारी चालू द्यायच्या, लोकांना हळूहळू सवय होईल, असा विचार करणाऱ्यांचं काय होतं ते अमेरिकेत दिसलं. तिथे १९७५मध्ये मेट्रिक रूपांतराचा कायदा झाला, पण ऐच्छिक. कुणालाही सक्ती नाही, शेवटची तारीख नाही. त्यासाठी नेमलेलं मंडळ १९८२मध्ये बंद झालं आणि मैल, गॅलन, पौंड आहे तिथेच राहिले. गंमत अशी की अमेरिकेचा इंच १९५९पासून नेमका २.५४ सेंटिमीटर असाच ठरवलेला आहे. पायाशी मेट्रिकच आहे, फक्त चालणाऱ्याला ते सांगितलेलं नाही. आज अमेरिकेत नोकरीसाठी गेलेली आपली मुलं पुण्याला फोनवर ‘गाडी तीस देते’ म्हणतात, आणि इकडे ऐकणाऱ्याला वाटतं, वा. ते तीस मैल असतात ३.७८५ लिटरच्या गॅलनला. आपल्या हिशेबाने लिटरला पावणेतेरा किलोमीटर.

ब्रिटनचं उदाहरण मला याहून जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे बदल झाला आणि अर्ध्यावर सोडला. पेट्रोल लिटरने विकतात. रस्त्यावरच्या पाट्या मैलांच्या. गाडीची कार्यक्षमता सांगतात मैल प्रति गॅलनमध्ये, आणि तो गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकेच्या गॅलनहून वेगळा. म्हणजे ज्या गॅलनवर गाडीची जाहिरात होते, तो गॅलन देशातल्या एकाही पंपावर मिळत नाही. शंभर मैलांच्या प्रवासाला किती पैसे लागतील हे काढायला ब्रिटिश चालकाला ४.५४६ने गुणावं लागतं. किती जण गुणत असतील? दर आणि माप वेगवेगळ्या एककांत ठेवले की महागाई नजरेआड होते, आणि याचा फायदा चालकाला होत नाही.

ब्रिटनमध्ये या विषयाला भावनांची धारही आहे. संडरलंडच्या स्टीव्ह थोबर्न या भाजीविक्रेत्यावर पौंडात केळी विकली म्हणून खटला झाला, २००१मध्ये तो दोषी ठरला, आणि अनेकांच्या नजरेत तो हुतात्मा झाला. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं. एका छोट्या दुकानदाराला फौजदारी न्यायालयात उभं करणं हा कायदा राबवण्याचा शहाणा मार्ग नव्हता. पण २०२२मध्ये सरकारने इम्पीरियल मापं दुकानांत परत आणावीत का असं जनतेला विचारलं, तेव्हा लाखाहून अधिक उत्तरं आली आणि त्यांतल्या ९८.७ टक्के लोकांनी मेट्रिकच्या बाजूने कौल दिला. जुन्या मापांवर प्रेम असणं वेगळं आणि त्यांत खरेदी करायची इच्छा असणं वेगळं. शेजारच्या आयर्लंडने वेगमर्यादेचा प्रश्न एका दिवसात मिटवला: २० जानेवारी २००५ला सगळ्या पाट्या ताशी किलोमीटरच्या झाल्या. उत्तर आयर्लंडची सीमा ओलांडली की पुन्हा मैल लागतात, तरीही.

अर्धवटपणा नुसता पैसे खात नाही. २३ जुलै १९८३ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान हवेतच इंधन संपून बंद पडलं. ते त्या ताफ्यातल्या पहिल्या मेट्रिक विमानांपैकी एक. इंधन मोजताना जमिनीवरच्या लोकांनी एका लिटरचं वजन म्हणून १.७७ हा आकडा वापरला. तो पौंडांचा होता, किलोग्रॅमसाठी ०.८ हवा होता. लागणार होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान ४१ हजार फुटांवर गेलं. वैमानिकांनी मॅनिटोबातल्या गिमली गावच्या जुन्या हवाईतळावर ते तरंगत उतरवलं आणि ६९ जण वाचले. १९९९मध्ये नासाचं मंगळाभोवती फिरायला पाठवलेलं यान नष्ट झालं, कारण एका बाजूची आकडेमोड पौंडांत होती आणि दुसऱ्या बाजूने ती न्यूटनमध्ये आहे असं धरलं. या दोन्ही ठिकाणी सगळं मेट्रिक असतं तरी चाललं असतं, सगळं इम्पीरियल असतं तरी चाललं असतं. घात मिश्रणाने केला. आपल्या घरात याचं छोटं रूप म्हणजे लहान मुलांचं पातळ औषध. बाटलीवर मिलिलिटर लिहिलेले असतात आणि आपण ‘एक चमचा’ देतो. घरातले चमचे तीन मिलिलिटरपासून सहा-सातपर्यंत काहीही असू शकतात. बाटलीबरोबर आलेलं खुणांचं झाकण फेकू नये, मूल कितीही रडत असलं तरी.

आता गाडीकडे परत येतो, कारण कारच्या बाबतीत आपण मेट्रिक असूनही ग्राहकाला चुकीच्या बाजूने आकडा दाखवतो, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपण विचारतो, ‘ॲव्हरेज किती?’ उत्तर येतं लिटरला वीस, लिटरला पंचवीस. दोन्ही एककं मेट्रिक, तक्रार कशाला? तर हा हिशेब बघा. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणारी एक जुनी मोठी गाडी लिटरला १० किलोमीटर देते. ती विकून १२.५ देणारी घेतली. दुसऱ्या घरात २० देणारी छोटी गाडी होती, ती विकून २५ देणारी घेतली. कुणाचं पेट्रोल जास्त वाचलं? आकडा ऐकून कुणीही म्हणेल दुसऱ्याचं, पाचने वाढलं ना. प्रत्यक्षात पहिल्या घराचं पेट्रोल १,२०० लिटरवरून ९६० वर आलं, २४० लिटर वाचले. दुसऱ्याचं ६०० वरून ४८० वर, वाचले १२०. नेमके निम्मे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८मध्ये हा भ्रम ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. माणसं मैल प्रति गॅलनच्या आकड्यावरून बचतीचा सरसकट चुकीचा अंदाज करतात हे त्यांनी दाखवलं. त्यानंतर तिथल्या नव्या गाड्यांच्या लेबलवर शंभर मैलांना किती गॅलन हाही आकडा आला. मैल-गॅलनला चिकटून बसलेल्या देशाने ही सुधारणा केली. युरोपात तर शंभर किलोमीटरला किती लिटर हीच रीत आहे.

वरचाच हिशेब या रीतीने मांडा: पहिली गाडी १० लिटरवरून ८ वर, दुसरी ५ वरून ४ वर. पुढे काही समजावून सांगायला लागत नाही. आपल्याकडे हा आकडा शोरूममध्ये मोठ्या अक्षरांत लावणं सक्तीचं का नसावं? पुण्यात गाड्यांच्या चाचण्या करून इंधनाचे आकडे प्रमाणित करणारी एआरएआयसारखी संस्था आहे, मोजणी होतेच. फक्त तो आकडा उलटा करून छापायचा आहे.

सीएनजी गाड्यांत गोंधळ आणखी एक पायरी वर जातो. पेट्रोल लिटरने, सीएनजी किलोने. त्याच मॉडेलची पेट्रोल गाडी लिटरला २५ आणि सीएनजी गाडी किलोला ३४ म्हणून शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दुसरी आपोआप जास्त काटकसरी दिसते. पण एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. किलो आणि लिटर यांची तुलना एका वाक्यात करणंच चूक. सीएनजी बहुतेक वेळा स्वस्त पडतो हे खरं. किती स्वस्त, ते मात्र शंभर किलोमीटरला किती रुपये या एकाच मापाने कळेल.

एका ठिकाणी मात्र सगळं नेमकं आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, अट होती लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत, डिझेल १,५०० च्या आत. त्यासाठी कंपन्यांनी सेडानच्या डिक्क्या कापल्या, ३,९९५ मिलिमीटरच्या गाड्या काढल्या. २०२५च्या जीएसटी फेररचनेतही हीच रेषा राहिली. कर घ्यायचा असतो तेव्हा सरकार मिलिमीटर सोडत नाही, आणि ते योग्यच आहे. तसाच नेमकेपणा पेट्रोलपंपावर दिसतो: तिथे शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, शंका आली तर कोणीही ग्राहक ते मागून तेल मोजून घेऊ शकतो, आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपलीकडे फरक चालत नाही. एकच एकक, शिक्का मारलेलं माप आणि मागण्याचा हक्क, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ग्राहक कुणाच्या भलेपणावर अवलंबून राहत नाही. फ्लॅटच्या आणि वाळूच्या बाबतीत यातली एकही पुरती हातात नाही.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला मनापासून मान्य आहे. बांधकामावरचा मिस्त्री आजही दहा मिलिमीटरच्या सळीला तीन सूत आणि बाराच्या सळीला चार सूत म्हणतो. प्लंबर अर्धा इंची पाइप म्हणतो. गॅरेजमधला कारागीर बारा-तेराचा पाना मागतो, तो मिलिमीटरमध्ये. त्याच्या उस्तादाने अँबॅसेडरसाठी इंची आणि प्रीमियर पद्मिनीसाठी मेट्रिक असे दोन्ही पाने बाळगले. यांच्या हाताला जे माप कळतं ते काढून घेणं हा उद्धटपणा होईल. शिवाय तिथे फसवणूक होत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघंही त्या मापात सारखेच तरबेज असतात. माझी तक्रार तिथे आहे, जिथे एक बाजू रोज तेच माप हाताळते आणि दुसरी आयुष्यात एकदा घर घेते.

त्यामुळे काय करायचं हे फार अवघड नाही. घराची जाहिरात त्याच चौरस मीटरमध्ये हवी ज्यात करार होतो. ज्याला फूट हवेत त्याच्यासाठी ते लहान अक्षरांत खाली द्यावेत. टीव्हीच्या खोक्यावर ५५ इंचांआधी १३९ सेंटिमीटर छापायची सवय कंपन्यांना लागलीच ना. राज्य सरकारने वाळू आणि खडीचे दर आणि स्वामित्वधन टनावर न्यावेत, ब्रास शासन निर्णयांतून काढून टाकावा. सातबारा आता संगणकावरच निघतो, त्यावर हेक्टर-आरशेजारी गुंठ्यांचं खरं रूपांतर दोन दशांशांपर्यंत छापलं, तर आर आणि गुंठा एक नाहीत हे प्रत्येक शेतकऱ्याला न सांगता कळेल.

आणि विजेवरच्या गाड्यांबाबत घाई करायला हवी, कारण तिथे सवय अजून पडायची आहे. सध्या आपल्याला सांगतात, एकदा चार्ज केली की ४०० किलोमीटर. हा आकडा बॅटरीच्या आकाराबद्दल बोलतो, गाडीच्या काटकसरीबद्दल काहीच सांगत नाही. मोठी टाकी असलेल्या ट्रकला आपण कमी पेट्रोल पितो म्हणत नाही. मात्र विजेचं एकक आपल्या प्रत्येक घरात दर महिन्याला बिलावर येतं. युनिट म्हणजे एक किलोवॉट तास, आणि त्याचा दर घरच्या गृहिणीलाही माहीत असतो. प्रत्येक विजेच्या गाडीवर आणि स्कूटरवर शंभर किलोमीटरला किती युनिट हा आकडा सक्तीने लिहायला लावला, तर ग्राहकाला एका गुणाकारात खर्च कळेल आणि दोन गाड्या समोरासमोर ठेवता येतील. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही. एक अधिसूचना आणि एक तारीख लागते, आणि ती तारीख बाजारात निम्म्या गाड्या विजेच्या होण्याआधीची हवी.